गाऱ्हाण्याला दार हवे

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला राजरस्ता भोरच्या प्रवाशाला उजव्या हाताला आणि नारायणपूर-सासवडच्या प्रवाशाला डाव्या हाताला सोडून देऊन जेथून पुढे शिरवळकडे निघून जातो, त्या कापूरहोळच्या चौकात गाडीची वाट पाहत जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला परस्परांशी सुतराम ओळख नसलेली माणसे किती अल्पावकाशात एकमेकांची सोबती होतात याचा प्रत्यय आल्याशिवाय राहणार नाही. ही मैत्री बहुधा एका वाक्याने जुळते. ‘पाव्हणं, ह्या गाडीचं काय खरं नाय,’ असे एकाने म्हणावे, दुसऱ्याने त्याला रस्त्याची कथा जोडावी, तिसऱ्याने पथकराची, चौथ्याने तलाठ्याकडे अडून राहिलेल्या फेरफाराची. आणि भोरची गाडी येईपर्यंत पाऊस, भाताचा दर, मुलांची लग्ने आणि मुलांच्या हातातले मोबाइल यांपैकी एकही विषय अस्पर्शित राहू नये, असा हा नित्याचा परिपाठ आहे. त्यात द्वेष नसतो, कपट नसते. किंबहुना अनोळखी माणसाला आपल्या सुखदुःखाच्या परिघात घेण्याची ती एक सौजन्याची रीतच असते. परंतु गाडी आली की प्रत्येक जण आपापल्या वाटेने निघून जातो आणि ज्या गोष्टींविषयी एवढे बोलणे झाले, त्या होत्या तेथेच राहतात.

हा परिपाठ एकट्या कापूरहोळचा नाही. पुण्याच्या पेठांतील कट्ट्यांवर, मुंबईच्या उपनगरी गाडीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कोठेही कान द्यावा तर मराठी माणसाच्या संभाषणाचा फार मोठा भाग गाऱ्हाण्यांनी व्यापलेला आढळतो. ही सवय मोडली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. मात्र ती मोडण्याचा जो उपाय आजकाल सर्वत्र सांगितला जातो, तो मला मान्य नाही, आणि हा लेख लिहिण्याचे प्रयोजनही तेच आहे.

तो उपाय असा की, तक्रार करूच नये. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे विल बोवेन नावाच्या धर्मोपदेशकाने २००६ साली आपल्या अनुयायांना एक व्रत दिले. मनगटात जांभळ्या रंगाचे एक कडे घालावे, तोंडातून तक्रार निघाली की ते काढून दुसऱ्या मनगटात घालावे, आणि ते एकाच मनगटात सलग एकवीस दिवस राहीपर्यंत हा क्रम सोडू नये. त्या व्रताचा जगभर मोठा बोलबाला झाला, पुस्तके निघाली, आणि त्याच धर्तीचा उपदेश आज आपल्याकडील व्याख्यानांतून आणि कचेऱ्यांतील प्रशिक्षणवर्गांतूनही ऐकू येतो. आपण दिवसातून किती वेळा आणि किती क्षुल्लक कारणांसाठी कुरकुरतो, याचे भान माणसाला यावे एवढ्यापुरता तो प्रयोग उपयुक्त आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ज्या समाजात असंख्य माणसांची खरी गाऱ्हाणी अद्याप कोणी ऐकूनच घेतलेली नाहीत, त्या समाजात मौनाला सद्गुण ठरवण्यापूर्वी फार विचार केला पाहिजे. ‘तक्रार करू नकोस’ हे वाक्य आपल्याकडे आजवर कोणाला सांगितले गेले? सासरी नांदणाऱ्या सुनेला सांगितले गेले, सालावर ठेवलेल्या गड्याला सांगितले गेले, गावकुसाबाहेर राहणाऱ्याला सांगितले गेले. घराच्या कर्त्या पुरुषाला ते कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ताटातल्या मिठाविषयीसुद्धा आवाज चढवण्याचा अधिकार त्याला निर्वेधपणे लाभलेला होता. म्हणून सरसकट मौनाचा उपदेश हा, देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी परिणामी बलवानाच्या सोयीचा ठरतो.

मला म्हणायचे आहे ते वेगळेच. तक्रारीला आरंभ असावा आणि शेवटही असावा. ती ज्याला ऐकवायची त्याच्या दारी जावी, तेथे तिचा निकाल व्हावा, आणि निकाल झाल्यावर ती संपावी. आपली सवय वाईट आहे ती आपण फार तक्रार करतो म्हणून नसून, आपली तक्रार कोणाच्याच दारी जात नाही, आणि म्हणूनच ती कधी संपतही नाही, या कारणासाठी.

ही कल्पना मी परक्या ग्रंथातून उचललेली नाही. ती या मुलखाच्याच मातीतली आहे. कापूरहोळपासून फारसे दूर नसलेले रांझे हे गाव शिवकालाच्या अभ्यासकांना ज्या एका कागदामुळे परिचित आहे, तो कागद २८ जानेवारी १६४६ या तारखेचा आहे. रांझ्याचा मुकादम बाबाजी भिकाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअमल केल्याची वार्ता हुजुरास कळली. त्याला पकडून पुण्यास आणले. चौकशीअंती गुन्हा शाबीत झाला. त्याचे हातपाय तोडण्यात आले, त्याची पाटीलकी अमानत झाली आणि पुढे ती त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे सोपवण्यात आली. शिवाजी महाराजांच्या वयाला त्या वेळी सोळा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. या प्रकरणाचा उल्लेख आपण नेहमी त्या शिक्षेच्या कठोरपणासाठी करतो. मला मात्र त्यात शिक्षेहून मोठी वाटते ती त्याच्या आधीची गोष्ट: सतराव्या शतकातल्या एका खेड्यात, गावचा धनी असलेल्या पाटलाविरुद्ध, एका अबल स्त्रीचे गाऱ्हाणे पाणवठ्यावरच्या कुजबुजीत विरून गेले नाही, गावाची शीव ओलांडून ते जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचले, आणि पोहोचल्यावर त्याचा निवाडा झाला. हे राज्य आपले आहे असा भरवसा मावळच्या रयतेला का वाटू लागला, त्याचे उत्तर शोधणाऱ्याने गडकोटांबरोबर या एका कागदाकडेही पाहावे.

त्या काळच्या निवाड्यांची सारी रीतच या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. आपण आज ज्याला फिर्यादी म्हणतो त्याला तेव्हा अग्रवादी म्हणत आणि ज्याच्यावर दावा असे त्याला पश्चिमवादी. दोघांनीही आपापली तकरीर, म्हणजे आपले म्हणणे, लेखी द्यायचे. गोतसभा जो निवाडा करील तो मान्य करू असा राजीनामा आधीच लिहून द्यायचा. त्यासाठी जामीन द्यायचा. मग साक्षी-पुरावे, कागदपत्रे, आणि अखेरीस निवाडपत्र किंवा महजर. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची. आणि हे सगळे झाल्यावर हरलेल्याने आपल्या हाताने यजितखत लिहून द्यायचे, की माझा दावा खोटा ठरला, यापुढे मी त्याविषयी बोलणार नाही. ती व्यवस्था आदर्श होती असे कोणी समजू नये. साक्षी-पुरावा अपुरा पडला की तापलेल्या लोखंडाचे दिव्य करायला लावणारी ती व्यवस्था होती. जातीचे आणि वतनाचे वजन तिच्यात पुरेपूर होते. आणि याच रोहिडखोऱ्यात कारीच्या जेधे आणि उत्रोळीच्या खोपडे या देशमुख घराण्यांचा कलह किती दीर्घकाळ धुमसत राहिला, हे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे. तथापि तिच्या मुळाशी एक विचार होता, आणि तो आपण हरवून बसलो आहोत. गाऱ्हाणे मांडणाऱ्यानेही काही पत्करले पाहिजे, आपले म्हणणे निश्चित शब्दांत लिहून दिले पाहिजे, त्याची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि निर्णय विरुद्ध गेला तर तो विषय मिटवला पाहिजे. चौकातल्या गाऱ्हाण्यात यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे राजीनामाही नाही आणि यजितखतही नाही. म्हणून तेच गाऱ्हाणे बाप मुलाला देऊन जातो आणि मुलगा नातवाला.

आणि त्या गाऱ्हाण्याचा खरा तोटा यापुढेच आहे. कुरकुरीने मन हलके होते असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु ज्या भाराने माणूस उठून कचेरीची पायरी चढला असता, तोच भार त्यामुळे हलका होतो हे कोणी सांगत नाही. भोरकडच्या कोणत्याही गृहिणीला विचारावे, भात शिजत असता झाकण वारंवार उचलले तर काय होते. वाफ निघून जाते, घरभर सुगंध दरवळतो, आणि शीत कच्चे राहते. दहा जणांनी दहा वेळा रस्त्याविषयी हळहळ व्यक्त केली की त्या दहाही जणांना आपण रस्त्यासाठी काहीतरी केले असे वाटू लागते. एकाही कागदावर त्या रस्त्याचे नाव लिहिले गेलेले नसते. शिवाय निरंतर गाऱ्हाणे ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात. भोरच्या घाटवाटांवरील धनगरवस्तीतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते, हे गाऱ्हाणे आणि चहात साखर कमी आहे, हे गाऱ्हाणे ज्या चौकात एकाच स्वरात बोलले जाते, तेथे पहिले ऐकून ज्याचे काळीज हलायला हवे त्याचेही हलत नाही. क्षुल्लक तक्रारींना मी जो विरोध करतो तो याच कारणासाठी. त्यांनी मोठ्या तक्रारींचा आवाज बुडवला आहे.

गाऱ्हाण्याला दार मिळाले म्हणजे काय होते, याची महाराष्ट्रात उदाहरणे थोडी नाहीत. पुण्याच्या पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. तो पेठांतील ओट्यांवर आणखी पन्नास वर्षे चघळला गेला असता तरी कोणाला नवल वाटले नसते. त्याऐवजी त्यातून १८७० साली सार्वजनिक सभा उभी राहिली. आणि तिच्या संस्थापकांनी, ज्यांत गणेश वासुदेव जोशी हे अग्रभागी होते, असा नियम केला की जो सभासद होईल त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. या नियमाचे महत्त्व मला फार वाटते. तुझे गाऱ्हाणे खरोखर लोकांचे आहे ना? मग लोकांची सही आण. एका देवस्थानाच्या व्यवस्थेपासून निघालेली ती सभा पुढे दुष्काळाची, सारावाढीची, शेतकऱ्याच्या कर्जाची गाऱ्हाणी आकड्यांनिशी सरकारदरबारी मांडू लागली आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांची लेखणी तिच्या कामी आली. पुढच्या पिढीने अर्ज-विनंत्यांच्या या राजकारणाला नावे ठेवली. पण त्या अर्जांनीच लोकांचे गाऱ्हाणे ओट्यांवरून सरकारच्या दारी नेले, हे विसरून चालणार नाही.

त्याहूनही थोर उदाहरण भोरहून वरंध घाट उतरला की लागणाऱ्या महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत करून घेतला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नव्हती. शतकानुशतकांचे गाऱ्हाणे जर कोणाचे असेल तर ते या लोकांचे होते. रात्रंदिवस शोक करीत बसण्याचा अधिकार जर कोणाला असेल तर तो यांना होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी त्यांना तळ्यावर नेले ते विलाप करण्यासाठी नव्हे, तर ओंजळभर पाणी पिऊन आपला हक्क बजावण्यासाठी. त्यानंतर मारहाण झाली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रतिपक्षाने दिवाणी दावा लावला, न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. आणि डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेत, हजारोंचा समुदाय समोर सिद्ध असताना, बाबासाहेबांनी त्या मनाईहुकुमाचा मान राखून तळ्यावर जाणे स्थगित केले. दावा चालू राहिला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. दहा वर्षे! त्या दहा वर्षांत एका गाऱ्हाण्याने ठराव, सत्याग्रह, कैफियत, साक्षी, अपील अशी प्रत्येक पायरी चढून निकालाचा कागद हाती घेतला. तक्रार न करणे हा जर सद्गुण असेल, तर महाडचा सत्याग्रह हा दुर्गुण म्हणावा लागेल. आणि असे म्हणण्यास मी तरी तयार नाही.

आता कोणी म्हणेल की, बाबासाहेबांचे उदाहरण सामान्यांना काय कामाचे? आम्हांला ना वकिली येते, ना हजारो माणसे आमच्यामागे उभी राहतात. हे म्हणणे पन्नास वर्षांपूर्वी काही अंशी ग्राह्य होते. आज ते तितकेसे ग्राह्य नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली तेव्हा दुकानदाराने फसवलेल्या माणसाला जाण्यासारखे दार नव्हते. १९८६ च्या कायद्याने ते प्रत्येक जिल्ह्यात उघडले आणि तेथे वकिलावाचूनही दाद मागता येते. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली केला. साध्या कागदावर विचारलेल्या प्रश्नाला सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे त्यामुळे कचेरीवर बंधनकारक झाले. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली आला. दाखला किती दिवसांत मिळावा, तो न मिळाल्यास अपील कोणाकडे करावे, हे कचेरीच्या भिंतीवरच लिहून लावले पाहिजे असे तो म्हणतो. दर महिन्याला लोकशाही दिन असतो, त्या दिवशी नागरिकाने आपला अर्ज समक्ष अधिकाऱ्याच्या हाती द्यावा अशी योजना आहे. एसटीच्या स्थानकात तक्रारीची वही असते. गाडीचा खोळंबा हा चौकात ज्यांच्या बोलण्याचा नित्याचा विषय असतो, त्यांतील किती जणांनी ती वही कधी मागितली असेल?

ग्रामसभेची अवस्था तर याहून खेदजनक आहे. गावाच्या प्रत्येक मतदाराला जेथे उभे राहून सरपंचाला आणि ग्रामसेवकाला जाब विचारता येतो अशी ती एकमेव सभा. तिची गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढीही माणसे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मग मोजक्या डोक्यांच्या उपस्थितीत गावाचे सारे ठराव संमत होतात. त्याच संध्याकाळी पारावर मात्र शंभराहून अधिक माणसे बसलेली असतात, आणि पंचायतीने गावाचे कसे वाटोळे केले हाच तेथील चर्चेचा विषय असतो. वर्षानुवर्षे हे असेच चालत आलेले पाहून मन विषण्ण होते.

येथे माझ्या प्रतिपादनाला एक मोठा आक्षेप संभवतो, आणि त्याला बगल देणे मला योग्य वाटत नाही. दारे पुष्कळ आहेत, पण ती ठोठावूनही उघडत नाहीत. त्याला काय करायचे? भोर-वेल्ह्याच्या माणसाला हा आक्षेप घेण्याचा अधिकार आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. त्यापूर्वीचे जुने धरण तर एकोणिसाव्या शतकातले. त्या पाण्याने नीरेच्या कालव्यांवाटे बारामती, फलटण, माळशिरसकडची माळराने हिरवी झाली, तेथे उसाचे फड आणि साखर कारखाने उभे राहिले. आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्या मुलखात, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणांवर धरणे होऊनही, चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांना हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. हे गाऱ्हाणे खरे आहे. ते कितीदा तरी दारोदार नेले गेले आणि कितीदा तरी उंबऱ्यावरून परत आले. अशा ठिकाणी माणसाच्या बोलण्यात कडवटपणा आला तर त्याला सवयीचा दोष म्हणणे हे निर्दयपणाचे होईल. तरीही या महामार्गावरच्याच एका दुसऱ्या गाऱ्हाण्याकडे मी लक्ष वेधीन. पुणे-सातारा रस्त्याचे सहापदरीकरण २०१० साली सुरू झाले आणि ठरलेली मुदत उलटून वर्षांमागून वर्षे गेली तरी ते रेंगाळतच राहिले. रस्ता अपुरा आणि पथकर मात्र पुरा, हा संताप या मार्गावरच्या प्रत्येक हॉटेलात ऐकू येत असे. त्यातल्या काही माणसांनी हॉटेलातले बोलणे सोडून कृती समिती केली, निवेदने दिली, नाक्यावर धरणे धरले; आणि २०२० साली स्थानिक वाहनांना खेड-शिवापूरच्या नाक्यावर सवलत मिळाली. सगळे काही मिळाले असे नाही. परंतु जे मिळाले ते बोलण्याने मिळालेले नाही, एवढे तरी निर्विवाद आहे.

असे असले तरी माणसाची सारीच गाऱ्हाणी कचेरीत नेण्यासारखी नसतात. पाऊस लावणीच्या वेळी ओढ देतो आणि कापणीच्या वेळी कोसळतो; गुडघे दुखतात; परगावी गेलेला मुलगा फोन करीत नाही; जोडीदार आधी निघून जातो. यांचा प्रतिवादी कोण? कोणत्या फौजदाराने याची नोंद घ्यावी? मी याला तक्रार म्हणतच नाही, दुःख म्हणतो. आणि दुःखाला न्यायाधीश नको असतो, जिव्हाळ्याने ऐकणारा हवा असतो. आपल्या पूर्वजांनी, किंबहुना अधिक यथार्थ बोलायचे तर आपल्या पूर्वजा स्त्रियांनी, यासाठी एक विलक्षण सोय करून ठेवली होती. पहाटेच्या अंधारात जात्याच्या खुंट्याला हात घालून त्या जे गात, त्यात सासुरवास होता, वांझपणाचा बोल होता, माहेराची ओढ होती, नवऱ्याचा मार होता, मुलीच्या जन्माचे शल्य होते. आणि ते सगळे ओवीच्या मापात बसवून त्यांनी जात्यालाच देव मानून त्याच्या कानी घातले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मावळ-मुळशीपासून आरंभ करून गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मराठी भाषेवरचे त्यांचे ऋण मला फार मोठे वाटते. त्या ओव्यांत रड आहे, पण कुरकुर नाही. दुःखाला घाट देण्यासाठी जे श्रम घ्यावे लागतात, त्या श्रमांत कुरकुरीचा अंश गळून जातो. वारकरी संतांनीही विठ्ठलाशी कडाकडा भांडण केले, त्याला दूषणे दिली. पण भांडण ज्याच्याशी होते त्याच्याच समोर उभे राहून. शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन त्यांनी देवाची चहाडी केली नाही.

आजच्या घरात जाते नाही आणि पहाटही कोणाच्या मालकीची राहिलेली नाही. तेव्हा ही सवय मोडू पाहणाऱ्याने काय करावे, असा व्यावहारिक प्रश्न उरतोच. माझ्या अनुभवाला उतरलेली रीत साधी आहे. गाऱ्हाणे जिभेवर आले की ते कोणाच्या दारचे आहे, एवढे स्वतःला विचारावे. सुनेविषयीचे असेल तर ते सुनेशीच, एकांतात, सौम्य शब्दांत बोलावे. मुलीकडे, जावेकडे, भाजीवालीकडे ते बोलण्याचा मोह आवरावा. कचेरीचे असेल तर कागद घेऊन चार ओळी लिहाव्यात, पोच घ्यावी, आणि उत्तराची मुदत संपेपर्यंत तो विषय कोणाकडेही काढू नये. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड आहे. कारण अर्ज दिल्यानंतर त्या अर्जाची कथा सांगत फिरण्याची जी नवी खुमखुमी उत्पन्न होते, तीत जुनी सवयच वेषांतर करून परत येते. आणि गाऱ्हाणे कोणाच्याच दारचे नसेल, तर ज्याच्यावर आपला जीव आहे अशा एका माणसापाशी, हे मी दुःख म्हणून सांगतो आहे, यात तू काही करायला नकोस, असे सांगून ते एकदा बोलावे. अशा वेळी ऐकणाऱ्यानेही उपाय सांगण्याची घाई करू नये. आपल्या घरांतून निम्मी कुरकुर याच घाईमुळे वाढलेली असते, कारण ज्याला ऐकून घेतल्याचे समाधान मिळत नाही तो तेच पुन्हा सांगतो.

ऐकून घेणाऱ्याचे हे माहात्म्य कापूरहोळला वेगळे सांगायला नको. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी होत्या, त्यांना दूध येईना. आणि त्या अर्भकाची भूक ज्या माउलीने भागवली ती धाराऊ गाडे-पाटील याच गावची. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी यांना इतिहास संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखतो. मूल रडते ते मनुष्याचे आद्य गाऱ्हाणे होय, आणि कोणीतरी ते ऐकून धावत येईल या विश्वासानेच ते रडते.

राज्यकारभाराकडून माझी अपेक्षा याच न्यायाने आहे. लोकांनी चौकातले बोलणे सोडून कचेरीत यावे असे म्हणायचे असेल, तर कचेरीनेही त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये. भोरच्या आणि वेल्ह्याच्या, ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे त्या तालुक्याच्या, तहसील कचेरीबाहेरील फलकावर दर महिन्याच्या लोकशाही दिनानंतर तीनच गोष्टी ठळक अक्षरांत लागाव्यात: मागल्या महिन्यात किती अर्ज आले, त्यांपैकी किती निकालात निघाले, आणि जे निघाले नाहीत ते कोणत्या टेबलावर, कोणत्या कारणासाठी पडून आहेत. त्याला नवा कायदा लागत नाही, नवी तरतूद लागत नाही. एक फळा, एक खडू आणि एक तारीख एवढेच लागते. तसाच फळा कापूरहोळच्या चौकात, गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या नजरेसमोर लावता आला तर अधिक चांगले. आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा असा अर्ज गावातील कोणाही मतदाराला आजच करता येईल.